सेन्सर बिचारा चांगलाच होता

कापूस वेचणीचे दिवस, मजूर मिळत नाही, आणि नेमकी त्याच टाइमाला आमची गाडी रुसली. डिझेल टर्बो, सात सीटर, दहा वर्षं जुनी. कळंबहून यवतमाळकडं निघालं की चढावर एकदम पॉवर गायब, पिवळा इंजिन लाइट चालू, एक्सलेटर कितीही दाबा गाडी आपली म्हशीसारखी. बाजूला घेऊन बंद करा, परत चालू करा, की पाच-दहा किलोमीटर ठीक.

मिस्त्रीनं स्कॅनर लावला, पी0237 हा फॉल्ट कोड निघाला, म्हणजे टर्बो इंजिनात जी हवा कोंबते तिचा दाब मोजणाऱ्या बूस्ट प्रेशर सेन्सरचं सर्किट लो, सिग्नलचं व्होल्टेज कमी. तो म्हणे "सेन्सर गेला भाऊ, बदलून टाकू." अडीच हजार गेले. दोन दिवस गाडी मस्त पळाली, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग म्हणे हा पीस डुप्लिकेट निघाला असंल, दुसरा टाकला. चार दिवस. बाबा म्हणाले, "आता काऊन बे, तिसरा आणतं का?"

आता मिस्त्रीला मी नावं ठेवत नाही, ट्रॅक्टरच्या कामात तो माणूस एक नंबर आहे. पण कोडमध्ये "सर्किट" लिहिलंय, सेन्सर त्या सर्किटचा एक तुकडा फक्त, बाकी तारा, प्लग आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), हे त्याच्या डोक्यातच आलं नाही आणि खरं सांगतो तेव्हा माझ्याही नाही आलं.

तोपर्यंत लाइट कायमचाच चालू राहिला होता, आणि हे एका अर्थी बरंच झालं, कारण येणारा-जाणारा फॉल्ट शोधणं म्हणजे रात्री बॅटरी घेऊन डुक्कर हाकलण्यासारखं. रविवारी कोठ्यासमोर (गोठ्यासमोर) बोनेट उघडून बसलो, हातात साधा मल्टिमीटर, लहान भावाच्या मोबाइलवर ब्लूटूथ ओबीडीचं अ‍ॅप, म्हणजे गाडीच्या सेन्सरचे आकडे मोबाइलवर दाखवणारं.

पहिली गोष्ट, इंजिन बंद ठेवून नुसती चावी ऑन करायची. तेव्हा बूस्ट सेन्सरनं बाहेरच्या हवेचाच दाब दाखवला पाहिजे. समुद्रकाठी तो 100 किलोपास्कलच्या थोडा वर असते, यवतमाळ पडलं साडेचारशे मीटर उंचीवर, तर तिथं साधारण 96, आणि आमचं गाव त्याच्या खाली, तर एखाद-दोन जास्त. अ‍ॅपमध्ये आकडा पार तळाला. एवढा कमी दाब असता तर आपण बोनेट उघडायला जिवंतच नसतो.

आमच्या सेन्सरला चार तारा आहेत. 5 व्होल्ट सप्लाय, ग्राउंड, प्रेशरचा सिग्नल आणि चौथी हवेच्या टेंपरेचरची. टेंपरेचर बरोबर येत होतं, 31 डिग्री. दोघांचं ग्राउंड एकच, म्हणजे ग्राउंड चांगलं, मीटर न लावताच एक तार यादीतून कटली! प्लग काढून सप्लाय मोजला, 4.98. तोही ठीक. आता उरली सिग्नलची तार.

बॅटरी काढून ही तार कुठं बॉडीला टेकलीय का ते पाहिलं, नव्हती. बॅटरी परत जोडली आणि प्लगमधल्या 5 व्होल्टच्या पिनवरून सिग्नलच्या पिनला बारीक वायरनं जंपर दिला. (पिन दहादा तपासा, आणि बॅटरीचे 12 व्होल्ट इथं चुकूनही देऊ नका, ईसीयूची किंमत ऐकून चक्कर येईल.) तार आणि ईसीयू चांगले असते तर अ‍ॅपमधला आकडा उडी मारून वर गेला असता. पण तो जागचा हललाच नाही. म्हणजे पहिला सेन्सरही चांगला, दुसराही चांगला, तिसराही चांगला, तारच मधे कुठंतरी तुटलेली असणार, नाहीतर ईसीयू. काही गाड्यांत तार तुटली की व्होल्टेज उलट वर जाते आणि पी0238 (सर्किट हाय) येतो, म्हणून आपल्या गाडीचा डायग्राम बघूनच करा.

मग सुरू झालं खरं काम, टेप सोलणं. बॅटरीच्या ट्रेखाली हात घातला तर बोटाला कुटार, म्हणजे जनावरांचा भुसा, लागलं. कुटार! पावसाळाभर गाडी कोठ्यात कुटाराच्या ढिगाशेजारी उभी होती आणि उंदरानं तिथं बाकायदा संसार थाटला होता. तारांवरचा पाइप एका बाजूनं कुरतडलेला, आतली एकच तार सोललेली, तांब्याची हिरवी भुकटी झालेली, जराशी ओढली तर दोन तुकडे हातात आले.

तेव्हा डोक्यात लाइट लागला. नवा सेन्सर लावताना मिस्त्री प्लग ओढायचा, त्या हलवाहलवीत तुटकी टोकं परत टेकायची, गाडी दोन-चार दिवस पळायची आणि श्रेय मिळायचं सेन्सरला.

हिरवं झालेलं सगळं कापून टाकलं, वीतभर नवीन तार, सोल्डरचा डाग दिला, वरून श्रिंक ट्यूब आणि टेप. मग मुद्दाम जुना मूळचा सेन्सर लावला, जो आईनं "फेकू नको, राहू दे" म्हणून बटणांच्या डब्यात टाकला होता. चावी ऑन, 97.

संध्याकाळी बाबांना घेऊन चढावर गेलो. मागं भाऊ मोबाइल धरून बूस्टच्या दाबाचा आकडा ओरडत होता, दीडशे, एकशे सत्तर, एकशे नव्वद. मी मान वळवली तर बाबा म्हणाले, "त्याचं काय पाह्यतं, समोर पाह्य. आन् घरी गेल्यावर थे कुटार हटव पह्यले."