‘बंद पडलं नाही’ हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

२०२२ च्या दिवाळीला सोलापूरला गेले तेव्हा फराळाची ताटली हातात द्यायच्या आधी आत्याने एक फॉर्म दिला. म्हणाली, तू पुण्यात दिवसभर कॉम्प्युटरवरच असतीस की, तुला येतंय हे भरायला. एका संस्थेचा पुरस्कार होता, आर्थिकदृष्ट्या मागे पडलेल्या वस्त्यांमधल्या छोट्या उद्योजिकांसाठी, आणि बचत गटाच्या ताईंनी आत्याचं नाव सुचवलं होतं. मला इतका आनंद झाला की मी तिथंच जमिनीवर बसून पेन काढलं.

आत्याचा धंदा कडक भाकरीचा. सोलापूरच्या बाहेरच्यांसाठी सांगते, ज्वारीची नाहीतर बाजरीची भाकरी एकदम पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मग मंद आचेवर शेकत शेकत पापडासारखी कडक करायची. पाण्याचा अंश राहिला नाही की ती आठवडेच्या आठवडे टिकते, म्हणून वारीला जाणारे नेतात, होस्टेलवरची पोरं नेतात, आमटीत कुस्करून खा नाहीतर शेंगा चटणी आणि दह्याबरोबर खा. आत्याचे यजमान, आमचे मामा, सूतगिरणीत होते. गिरणी बंद पडली आणि घरात बसले, आणि ही काही आमच्या एका घराची गोष्ट नाही, सोलापूरच्या पूर्व भागात गल्लीगल्लीत अशी घरं आहेत, नवरा गिरणीत नाहीतर यंत्रमागावर आणि बायको दारात सूप घेऊन विड्या वळतेय. आत्याच्या सासूबाईही विड्याच वळायच्या. आत्याने विड्यांच्या सुपाऐवजी परात घेतली, दोन चुलींवर सुरुवात केली, आज तिच्याकडे सहा बायका कामाला आहेत.

तर फॉर्म. पहिलं पान सोपं होतं, नाव, पत्ता, उद्यम नोंदणी. दुसऱ्या पानावर गेल्या ३ वर्षांची उलाढाल, नफा, वाढीची टक्केवारी, रोजगार किती वाढला, नवीन बाजारपेठ कुठली मिळवली. आता ही ३ वर्षं कुठली, तर लॉकडाऊनची. मी आत्याच्या वहीतून आकडे काढायला लागले आणि दर वर्षाचा आकडा आदल्या वर्षापेक्षा लहान निघत गेला. आत्या शेजारी बसून बघत होती. मग म्हणाली, अगं वाढ न्हाईच त्यात, पण बंद पडलं न्हाई, हे कुठं लिहायचं?

मी फॉर्म वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचला. तसा रकानाच नव्हता.

त्या रात्री आत्याने मला जे सांगितलं ते मला आधी तुकड्यातुकड्यांत माहीत होतं, सलग कधीच ऐकलं नव्हतं. २०१८ ला पाऊस गेला, राज्यात १५१ तालुके दुष्काळी जाहीर झाले, आपल्याकडे ज्वारी महाग झाली, आणि कडक भाकरीत ज्वारीशिवाय दुसरं आहेच काय, पीठ, पाणी, मीठ. भाव वाढवला तर गिऱ्हाईक तुटतं, भाकरी लहान केली तर नाव जातं. तिने दोन्ही केलं नाही, चार महिने स्वतःसाठी एक रुपया काढला नाही, बायकांची मजुरी मात्र दर शनिवारी दिली. त्यातून वर येतेय तोवर मार्च २०२०. एसटी स्टँडवरची दुकानं बंद, हॉटेलं बंद. आषाढीला पादुका बसने पंढरपूरला गेल्या, पायी वारी झालीच नाही, २०२१ ला पण नाही, आणि आत्याच्या वर्षाच्या कमाईचा मोठा हिस्सा वारीच्या ऑर्डरचा. तयार माल डब्यांत पडून, त्यातला निम्मा तुटलेला.

तुटलेल्या भाकरीचं तिने काय केलं तर चुरा करून, तेलावर लसूण-तिखट-शेंगदाणे घालून चिवडा केला आणि पावशेरच्या पिशव्या भरून गल्लीतच विकला. सहाही बायकांना रोज बोलवता येत नव्हतं म्हणून तिघी एक दिवस आणि तिघी दुसऱ्या दिवशी, म्हणजे कुणाचंच काम पूर्ण गेलं नाही. हे सगळं ती सांगत होती ते एखाद्या सुनेला घरातलं काम समजवावं तसं, आणि मी फॉर्म मांडीवर घेऊन विचार करत होते की उद्योजकता म्हणजे जर हे नसेल तर मग काय असतं.

कर्जाचे हप्तेही तेव्हाच राहिले. रिझर्व्ह बँकेने दिलेली सवलत ऑगस्ट २०२० ला संपली, आत्याचं गिऱ्हाईक काही ऑगस्टमध्ये परत आलं नव्हतं. फॉर्मच्या शेवटच्या पानावर अट होती, अर्जदार कोणत्याही बँकेचा थकबाकीदार नसावा. ही अट फक्त त्याच संस्थेची नव्हती. सरकारची जिल्हा पुरस्कार योजना आहे ना, जिल्हा उद्योग केंद्रामार्फत सूक्ष्म आणि लघु उद्योगांना देतात ती, पहिलं बक्षीस १५ हजार आणि दुसरं १० हजार, तिच्या जाहिरातीतही थकबाकीदार नसण्याची अट असते. मला अटीमागचं कारण समजतं, बँकेला मुद्दाम बुडवणाऱ्याच्या गळ्यात हार घालायला कुणाला आवडेल. पण दुष्काळात किंवा लॉकडाऊनमध्ये ६ हप्ते राहिलेली बाई आणि मुद्दाम बुडवणारा माणूस हे दोघं एकाच शब्दात बसवले की ज्यांच्यासाठी पुरस्कार काढला तीच माणसं दारातून परत जातात. गरीब वस्तीतल्या धंद्याची चिकाटी बघायची म्हटलं तर त्यात एखादं पडझडीचं वर्ष असणारच ना, नाहीतर चिकाटी दिसणार कशात.

हे लिहिताना मला लिज्जत पापडची गोष्ट फार आठवते. ती आपल्याला पाठ आहे, १५ मार्च १९५९, गिरगाव, गच्ची, ७ बायका आणि उसने घेतलेले ८० रुपये. पण पुढचं कमी लोक सांगतात. पहिल्याच वर्षी पावसाळ्यात ४ महिने त्यांचं काम बंद पडलं होतं, पापड वाळवायला ऊनच नव्हतं. दुसऱ्या वर्षी त्यांनी खाट आणली, वर पापड पसरले आणि खाली स्टोव्ह पेटवला. मला विचाराल तर लिज्जत खरी उभी राहिली ती त्या खाटेपाशी. पहिल्या वर्षाचा त्यांचा फॉर्म कुणी भरला असता तर ४ महिने उत्पादन शून्य, वाढ नाही, नापास. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना पद्मश्री जाहीर झाली २०२१ ला, म्हणजे ६२ वर्षांनी. मिळाली याचा आनंदच आहे, पण खाट आणि स्टोव्हच्या वर्षी कुणी येऊन पाठीवर हात ठेवला असता तर त्याचं मोल वेगळं होतं.

आणि आमच्या शेजारचंच उदाहरण, माण तालुक्यातलं म्हसवड. तिथे रस्त्यावर लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्यात झोपडीवर टाकायला प्लास्टिक घ्यायचं होतं, त्यासाठी रोज थोडे पैसे साठवायचे होते, पण बँक खातं उघडून देईना. तिथल्या सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा यांनी बायकांचीच बँक काढायचं ठरवलं तर रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण सभासद बायका निरक्षर, कागदावर अंगठे. मग त्या बायका लिहा-वाचायला शिकल्या, काही महिन्यांनी पुन्हा गेल्या आणि तिथल्या साहेबांना म्हणाल्या, आम्हाला वाचता येत नाही म्हणून नाकारलंत, पण मोजता येतं, कितीही रकमेचं व्याज सांगा काढायला, आणि तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटर न घेता काढायला सांगा. १९९७ ला माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. तिथेही कागदावर अंगठा दिसत होता, हिशोब दिसत नव्हता.

म्हणून माझं पुरस्कार देणाऱ्यांना मनापासून सांगणं आहे, आणि असे पुरस्कार बंद करा असं मी अजिबात म्हणत नाहीये, उलट जास्त द्या, तालुक्याला द्या, वॉर्डाला द्या. फक्त फॉर्ममध्ये एक प्रश्न घाला की तुमचं सगळ्यात वाईट वर्ष कुठलं आणि त्या वर्षी तुम्ही काय केलं. कामावरच्या माणसांना त्या वर्षी मजुरी मिळाली का ते विचारा. आणि निवड समितीने एकदा तरी त्या गल्लीत यावं, सकाळी ७ ला, चुली पेटलेल्या असतात तेव्हा, कारण वाढीची टक्केवारी कुणीही सीएकडून छान करून आणू शकतो.

अजून एक, पुरस्काराशी थेट संबंध नाही पण सांगतेच. आत्याचं एका मोठ्या दुकानाकडे बिल ५ महिने अडकलं होतं. २००६ चा एमएसएमई कायदा, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा, म्हणतो की लहान पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, नाहीतर रिझर्व्ह बँक ठरवते त्या बँक रेटच्या तिप्पट व्याज. आत्याला हे माहीतच नव्हतं, आणि माहीत झाल्यावर म्हणाली, व्याज मागितलं तर पुढची ऑर्डर कोण देणार. स्टेजवर शाल-श्रीफळ देताना ज्यांनी बिलं वेळेवर दिली अशा दुकानदारांचाही सत्कार करावा असं मला खरंच वाटतं.

तर त्या दिवाळीत मी काय केलं, आकडे जसे होते तसे लिहिले, आणि एक फुलस्केप पान वेगळं लिहून मागे स्टेपल केलं, ज्वारीचा भाव, चिवडा, तीन-तीन बायकांच्या पाळ्या, सगळं. पुरस्कार मिळाला नाही. उत्तरही आलं नाही. आत्या एवढंच म्हणाली, ते मागचं पान तरी कुणी वाचलं असेल का गं.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे या आठवड्यात बचत गटाच्या ग्रुपवर परत एका पुरस्काराची जाहिरात आली. मी दिलेल्या नंबरवर फोन करून विचारलं की आधी थकलं होतं पण आता पूर्ण फेडलंय, असं चालतं का, तर समोरच्या मॅडम शांतपणे ऐकून म्हणाल्या, चालतं, नो ड्यूज सर्टिफिकेट जोडा. आत्याने ते सर्टिफिकेट मार्चमध्येच आणलंय, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये देवघराशेजारच्या कपाटात ठेवलेलं असतं, काल त्याचा फोटो पाठवला, पहिला हलला म्हणून दुसरा पाठवला. शनिवारी हुतात्मा एक्सप्रेसने जातेय सोलापूरला. मागचं पान या वेळी ती स्वतः सांगणार आहे आणि मी फक्त लिहिणार आहे, आणि सुरुवात लॉकडाऊनपासून नाही करायची, मामांची गिरणी बंद पडली त्या दिवसापासून करायची, असं तिने आत्ताच बजावून ठेवलंय.