आपणहून आलेली जनावरं

ठाणे, रविवार रात्र

दुपारची झोप सोडून आज ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ची गेल्या काही वर्षांतली विजेती छायाचित्रं पुन्हा एकदा पाहिली. लंडनचं नॅचरल हिस्ट्री म्युझियम ही स्पर्धा भरवतं. एरवी प्रत्येक वेळी मन वेगळ्याच चित्रावर बसतं, पण आज आवडीतला एक धागा हाती लागला. मला भावलेल्या जवळजवळ सगळ्या चित्रांत जनावर आपल्या मर्जीनं आलंय. माणसानं जागा ओळखली, तयारी केली आणि तो बाजूला झाला.

सगळ्यात लाडकं चित्र २०२० सालचं, सर्गेई गोर्शकोव यांचं. रशियाच्या अतिपूर्वेकडच्या ‘लँड ऑफ द लेपर्ड’ राष्ट्रीय उद्यानात एक अमूर वाघीण फर जातीच्या जुन्या सूचिपर्णी झाडाला मिठी मारून उभी आहे. गाल खोडावर घासतेय आणि चेहऱ्यावर निव्वळ सुख आहे. अशा घासण्यानं ती आपला वास झाडावर ठेवते, मागून येणाऱ्या वाघांना कळावं म्हणून. गोर्शकोव यांनी आधी जंगल पालथं घालून वाघांच्या खुणा शोधल्या: खोडावरचे ओरखडे, सालीत अडकलेले केस, मुताचा वास. मग या झाडासमोर आपोआप चालणारा कॅमेरा बसवला. समोर काही हललं की सेन्सरला कळतं आणि फोटो निघतो. हवं ते चित्र मिळेपर्यंत अकरा महिन्यांहून जास्त काळ गेला. बटण माणसानं दाबलंच नाही, मग फोटो त्याचा कसा, असं काहीजण विचारतात. मला ते मुळीच पटत नाही. ऊन कुठून उतरेल, वाघीण कुठे उभी राहील, चौकटीत झाड किती घ्यायचं, हे सगळं त्यांनी रिकाम्या जागेकडे बघून ठरवलं. ज्याला वाघीण यायच्या आधी वाघीण दिसते, फोटो त्याचाच.

आई शेजारी येऊन बसली तेव्हा पडद्यावर नयन खानोलकर यांचा बिबट्या होता. मुंबईच्या आरे कॉलनीतला हा फोटो २०१६ साली शहरी विभागात पहिला आला. दोन्ही बाजूंना घरं, मधे अरुंद बोळ, आणि त्यातून रात्री चाललेला बिबट्या. “अगं, हा तर दादाच्या जुन्या चाळीतला बोळ!” आई म्हणाली. दादा म्हणजे माझा मामा. तिची नजर आधी बोळावर गेली आणि मग बिबट्यावर, याचा मला फार आनंद झाला, कारण खानोलकरांनी नेमकं तेच योजलं होतं. फ्लॅश असे लावले की उजेड त्या बोळात नेहमी असतो तसाच वाटावा. कॅमेरा असा ठेवला की जनावरानं सगळी चौकट व्यापू नये. त्यासाठी चार महिने गेले. आरेतल्या पाड्यांवर वारली माणसं राहतात आणि वाघोबाला देव मानतात. त्यांच्या दारावरून बिबट्या जातो हे त्यांना नवं नाही.

आमच्या गच्चीतून येऊरचा डोंगर दिसतो, तो आरेला लागून असलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग. २०१९च्या फेब्रुवारीत ठाण्यातल्या एका मॉलमध्ये बिबट्या शिरला होता, त्याची सीसीटीव्हीतली धावपळ टीव्हीवर दिवसभर दाखवत होते. तो बिचारा बाहेरची वाट शोधत होता. खानोलकरांच्या फोटोतला बिबट्या आपल्या रोजच्या रस्त्यानं निघालाय. बिबट्या म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर हाच यावा, असं मला मनापासून वाटतं.

२०२५च्या विजेत्या फोटोतला तरसही असाच आपणहून आलेला. नामिबियातलं कोलमान्सकोप हे हिऱ्यांच्या खाणीचं ओसाड पडलेलं गाव, आणि पडक्या घरासमोर धुक्यात उभा असलेला तपकिरी तरस. विम व्हॅन डेन हीवर यांना तो मिळायला दहा वर्षं लागली.

भाचीनं निवडलं ते मात्र वेगळंच. बंगळुरूच्या दहा वर्षांच्या मुलानं काढलेलं, २०२१चं. भिंतीतल्या फटीत कोळ्यानं घुमटासारखं जाळं विणलंय आणि मागून जाणाऱ्या रिक्षाच्या रंगांनी ते उजळून निघालंय. “मावशी, रिक्षा तर आपल्याकडे पण आहेत,” ती म्हणाली आणि फोन घेऊन जिन्यात पळाली.

शेन ग्रॉस यांचा २०२४चा फोटो कॅनडातल्या तळ्यात, पाण्याखाली काढलेला आहे. कमळाच्या देठांमधून शेकडो टॅडपोल वर निघालेत. तळाचा गाळ ढवळला तर सगळं गढूळ होणार, म्हणून ग्रॉस पाण्यात अगदी हळू, जपून पोहले. या टॅडपोलपैकी मोठं होईपर्यंत जगणारे शंभरात एखाददुसरेच.

या स्पर्धेनं दिलेली बक्षिसं परतही घेतली आहेत, आणि ते मला योग्यच वाटतं. फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याचा २००९चा विजेता फोटो बाद झाला, कारण तो लांडगा माणसाळवलेला असावा असं परीक्षकांचं मत झालं. २०१७च्या एका फोटोतला मुंगीखाऊ पेंढा भरलेला असल्याचा निष्कर्ष निघाला, तोही बाद झाला.

हे वाचताना नेरूळच्या तळ्यावर पाहिलेलं आठवलं. रोहित पक्षी शांतपणे चोच बुडवून खात होते आणि काठावरचे काहीजण ते उडावेत म्हणून टाळ्या पिटत होते. एकानं दगडही मारला. फार संताप आला. भरतीला खाडीतला चिखल पाण्याखाली जातो, तेव्हा हेच पक्षी आपणहून नेरूळ-सीवूड्सच्या तळ्यांवर येतात आणि ओहोटीला परत खाडीवर जातात. भरतीची वेळ पाहून काठावर गप्प बसलं तर उडतानाचा फोटोही मिळतो, दगडाची काही गरज नसते.

मला या स्पर्धेत एकदा ठाणे खाडीतला सोनेरी कोल्हा पाहायचाय. कांदळवनात तो राहतो, खेकडे खातो, आणि ऐरोलीच्या पुलावरून रोज जाणाऱ्या कितीतरी जणांना त्याचा पत्ताही नसतो. चौकटीत चिखल हवा, तिवरांची मुळं हवीत, मागे पुलाचे दिवे हवेत, आणि कोल्हा लहानसाच. वन विभागाच्या कांदळवन कक्षाची परवानगी लागेल. कॅमेरा किती उंच बांधायचा तेही पाहावं लागेल, कारण भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला पाणी जिथे थांबतं त्याच्या कितीतरी आत ते अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला शिरतं. ऐरोलीकडच्या कोळीवाड्यात विचारायला हवं. ओहोटीला चिखलात उमटलेले पंजे तिथल्या कुणीतरी नक्की पाहिले असतील. माझ्याकडे चांगला कॅमेरा नाही, पण धाकट्या दिराकडे आहे, त्याला उद्याच फोन करते.