आईबरोबर ताम कोक

व्हिएतनामला जायचं ठरलं ते आईने तिथल्या ताम कोकचा एक फोटो पाहिला म्हणून. उभ्या सुळक्यांमधून वाट काढणारी नदी, आणि दोन्ही काठांना पिवळं धमक भात. "अगं, मे महिन्यात भात कसं पिकलं यांचं?" एवढंच ती म्हणाली. आमचं मावळातलं भात पावसावरचं. जूनमध्ये पेरणी आणि कापणी दिवाळीच्या आसपास. तिथे फेब्रुवारीच्या सुमाराला लावलेलं भात मेअखेर कापायला येतं. म्हणून आम्ही दोघी मेच्या शेवटच्या आठवड्यातच निघालो, उकाडा असणार हे माहीत असूनही.

ई-व्हिसा मी स्वतःच भरला, सरकारी संकेतस्थळावर. एका प्रवेशाचे 25 डॉलर. आईच्या अर्जात मी जन्मतारखेचा महिना चुकवला आणि ते कळलं व्हिसा हातात आल्यावर. पासपोर्टशी न जुळणारा कागद घेऊन विमानतळावर उभं राहायची माझी हिंमत नव्हती. नवा अर्ज, पुन्हा 25 डॉलर. तिकिटं काढून झाली होती, त्यामुळे दुसरा व्हिसा येईपर्यंत मला धड झोप नव्हती. आईवडिलांचा अर्ज भरत असाल तर पैसे भरण्याआधी पासपोर्ट शेजारी उघडा ठेवा आणि एकेक अक्षर बोट ठेवून वाचा.

मुंबई ते हनोई थेट विमान, तिथून ताम कोकजवळच्या निन्ह बिन्ह शहरापर्यंत रेल्वेने दोन-सव्वादोन तास. जेवणाची चिंता होती, कारण आई शाकाहारी आणि तिथे भाजीतही माशाचं पाणी, म्हणजे फिश सॉस, घालतात. 'आन चाय' म्हणजे शाकाहारी जेवण, हे दोन शब्द पाठ केले आणि निभावलं.

नौकाफेरी निवडताना मात्र विचार करा. हा सगळा परिसर चांग आन या नावाने 2014 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. चांग आनच्या नौकाफेरीत गुहा जास्त, देवळंही आहेत. पण नदीला लागून खाचरं हवीत तर ताम कोकच. ताम म्हणजे तीन, कोक म्हणजे गुहा. आम्ही सकाळी सातच्या आत धक्क्यावर पोचलो. ऊन चढल्यावर त्या उघड्या नावेत बसवत नाही.

आमची नाव वल्हवणाऱ्या मावशी आईच्याच वयाच्या. डोक्यावर ताडाच्या पानांची टोकदार टोपी. ती बघून आईला इरलं आठवलं. थोडं पुढे गेल्यावर मावशी मागे रेलल्या आणि दोन्ही तळव्यांनी वल्ही फिरवायला लागल्या, हात मोकळे ठेवून. आई कितीतरी वेळ त्यांच्या पायांकडेच बघत होती.

पहिली गुहा सर्वांत लांब, 127 मीटर. नदी सरळ डोंगराच्या पोटात शिरते. आत गेल्याबरोबर अंगावरचा घाम गार झाला, छत खाली खाली येत गेलं आणि आम्ही माना वाकवल्या. टप्, टप् एवढाच आवाज. आईने हात वर करून ओला दगड चाचपला. "हे कोणी कोरलं?"

प्रश्न साहजिक होता. आमच्या दारात कार्ले आणि भाजे. तिथे माणसांनी काळ्या कातळात छिन्नीने लेणी काढली. इथे माणसाचा हात नाही. हा दगड चुनखडीचा. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं आणि चुनखडी विरघळवत फटींतून उतरतं. फटीची वाट होते, वाटेची गुहा. "म्हणजे पानाला लावतो तो चुना?" तोच, भट्टीत भाजण्याआधीचा. मी फोनवर भाषांतर करून मावशींना विचारलं, तर त्यांनी खूण करून सांगितलं, त्यांची सासू पान खायची, चुना लावूनच.

सुळक्यांच्या पायथ्याशी एक आडवी खाच दिसते, जणू कोणी करवत फिरवली आहे. काही हजार वर्षांपूर्वी समुद्र इथवर आत आला होता, त्या पाण्याची ही खूण. आज त्याच सखल जमिनीत भात उभं आहे, डोंगराच्या भिंतीपर्यंत.

तिसऱ्या गुहेपलीकडून नाव वळते आणि त्याच वाटेने परत येते, म्हणजे तिन्ही गुहा पुन्हा. परतताना मावशींनी नाव अगदी बांधाला लावली. आईने एक लोंबी तळहातावर घेतली, तोडली नाही. लोंबी पार वाकलेली, टोकाचे दाणे सोनेरी, देठाजवळचे दोन-तीन अजून हिरवट. एक दाणा तिने दाताखाली फोडला. कट्कन आवाज आला. मग हाताने विळ्याची खूण करत ती मावशींना मराठीतच म्हणाली, "चार दिवसांत कापायला घ्या, नाहीतर झडेल."

मी फोन पुढे करायच्या आधीच मावशींनी मान हलवली आणि तीन बोटं दाखवली.