आमची वाटचाल : कमानीच्या पाट्यांपासून शाळेच्या बसपर्यंत

गॅरेजात नवीन गिऱ्हाईक आलं की हमखास त्या शेल्फाबद्दल विचारतं. खालच्या खणात ग्रीसचा डबा, यू बोल्ट, जुने बेअरिंग, आणि वरच्या खणात दहावीची गणित-विज्ञानाची पुस्तकं, आयटीआयच्या डिझेल मेकॅनिकच्या वह्या, एक कंपास बॉक्स. मालकाची मुलं इथे अभ्यासाला बसतात का म्हणून विचारतात. मुलं नाही हो, आमची माणसंच बसतात. ही पुस्तकं तिथे कशी आली ते सांगायचं तर सगळीच वाटचाल सांगावी लागेल, म्हणून एकदाचं लिहूनच काढतोय.

बाबांनी १९८७ साली गोव्यात साखळीजवळ लोहखनिजाच्या रस्त्याला लागून गॅरेजची शेड टाकली. काम एकच, कमानीचं, म्हणजे ट्रकखालच्या स्प्रिंगच्या पोलादी पाट्यांचं. साधारण दहा टनाची गाडी, लाल मातीचा रस्ता, दिवसभर खाण ते जेटी (नदीवरचा धक्का) फेऱ्या, पाटे तुटणारच. बाबा पाटा नुसता हातोडीने वाजवून सांगायचे की हा अजून महिना काढेल की उद्याच जाईल. त्यांना सगळे मेस्तच (कारागीर) म्हणायचे, शेट कधी कुणी म्हटलं नाही. पावसाळ्यात खाणी बंद, त्यामुळे जून ते सप्टेंबर गाड्या ओव्हरहॉलला लागायच्या आणि आमची खरी कमाई त्या चार महिन्यांत व्हायची.

मी १९९९ ला पूर्णवेळ आलो. चार-पाच वर्षांत चीनची मागणी वाढली आणि आमच्या भागाचं रूपच पालटलं. पूर्वी हलक्या दर्जाचं म्हणून ढीग मारून टाकलेलं खनिजसुद्धा जहाजात भरून जायला लागलं. २०१०-११ मध्ये गोव्यातून ५ कोटी टनांच्या वर माल गेला. पाळी, वेळगे, सुर्ला, आमोणे, कुठेही उभं राहा, गाड्यांची रांग. ज्याच्या घरी कधी सायकल नव्हती त्याने बँकेचं कर्ज काढून ट्रक घेतला, एकाचे दोन केले. आम्ही दोघांवरून चौदा जणांवर गेलो, वेल्डिंग आलं, हायड्रॉलिक जॅकचं काम आलं, बाजूचा प्लॉट भाड्याने घेऊन दुसरी शेड टाकली.

त्याच वर्षांत शाळेचे बाक रिकामे होत होते ते मात्र आम्हाला दिसलं नाही, किंवा दिसून आम्ही बघितलं नाही. तेव्हा हेवी लायसन्सला आठवी पास लागायचं (ही अट २०१९ मध्ये काढली). म्हणजे आठवीच्या पुढे जे काही शिकायचं त्याचा ट्रकच्या धंद्यात काडीचा उपयोग नाही असं पोरांना वाटायचं, आणि क्लिनर म्हणून चढलं की दुसऱ्या दिवसापासून खिशात रोख. घरचेही बोलायचे नाहीत कारण तेवढ्याच पैशात घराचा स्लॅब पडत होता. मंदीत मुलं शाळा सोडतात असं आपण ऐकतो पण आमच्याकडे तेजीने सोडायला लावली.

यात माझाही वाटा आहे. २००९ मध्ये पाळीचा एक मुलगा, सोळा वर्षांचा, दहावीत जाणारा, मे महिन्याच्या सुट्टीत हेल्पर म्हणून आला. हात फार चांगला, पान्याचा नंबर न बघता उचलायचा. जून आला, शाळा सुरू झाली, आणि माझ्याकडे ओव्हरहॉलला अकरा गाड्या उभ्या. मी त्याच्या आईला म्हटलं की आठ दिवस राहू दे, मग जाईल. आठाचे पंधरा झाले, चवथ (गणेश चतुर्थी) आली, मग त्याला स्वतःलाच शाळेत जायची लाज वाटायला लागली. मी त्याला जास्त पगार देऊन ठेवून घेतला आणि तेव्हा मला वाटलं की मी त्याचं भलंच करतोय. ते चुकलं. आज पंधरा-सोळा वर्षांनीही मला ते आठ दिवस आठवतात.

१० सप्टेंबर २०१२ ला, बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या अहवालानंतर राज्य सरकारने खाणकाम थांबवलं, ५ ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टाचाही बंदीचा आदेश आला. त्या वर्षी चवथ १९ सप्टेंबरला होती. गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात त्या माटोळीचं सामान आणायला बाजारात गेलो तर सगळे एकमेकांना एकच विचारत होते, कधी सुरू होणार. कुणी म्हणायचं दिवाळीनंतर, कुणी म्हणायचं नवीन वर्षात. आमच्या पावसाळ्यातल्या ओव्हरहॉलची बिलं लोकांनी खाण सुरू झाल्यावर देऊ म्हणून ठेवली होती ती तशीच राहिली, आणि मागायचं कुणाकडे, ज्याची गाडी दारात उभी राहून टायर जमिनीला चिकटलेत त्याच्याकडे?

तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं की काम गेलं की माणूस जातो कुठे. पेपरात "इतके बेकार झाले" असं येतं, जसं काही कामावरून उठून माणूस सरळ बेकारीच्या खुर्चीवर जाऊन बसतो. तसं होत नाही हो. आमच्या चौदा जणांतले दोन कर्नाटकचे होते ते गावी गेले, शेतीला लागले. एक वेल्डर वेर्ण्याला कंत्राटावर लागला, पगार कमी, बसचं भाडं वेगळं. एकाने कळंगुटला हॉटेलात सीझन धरला, ऑक्टोबर ते मे काम आणि पावसाळा घरी. दोघं नुसतेच घरी बसले, सुरुवातीला रोज फोन करायचे "पात्रांव, काम आसा?" (मालक, काम आहे?), मग आठवड्याने, मग फोन थांबले. फोन थांबले म्हणजे त्यांना काम मिळालं असं नाही, त्यांनी शोधणंच सोडलं होतं.

माझी मुलगी अर्थशास्त्र शिकते, तिने नंतर मला समजावलं की सर्व्हेत बेकार फक्त त्यालाच धरतात जो काम शोधतोय किंवा काम करायला तयार आहे. शोधणं आणि आशा दोन्ही सोडलेला माणूस त्या हिशोबातून बाहेर जातो, शिकणाराही बाहेर. उलट आठवड्याच्या हिशोबात सात दिवसांत कुठल्याही दिवशी एक तास काम केलं तरी तो कामावर धरतात. मी म्हटलं मग आमचा तो टायर बदलायला अधूनमधून यायचा तो कामावर आणि घरी छताकडे बघत बसलेला बेकारसुद्धा नाही? ती म्हणाली हो. आणि रोजगार विनिमय केंद्राच्या यादीचं तर वेगळंच, तिथे माझ्याकडे पगार घेणाऱ्या तिघांची नावं होती, कारण सरकारी नोकरीचा कॉल येईल म्हणून गोव्यात कुणी नाव काढत नाही. त्यामुळे आकडा बघून आपल्या गावाची अवस्था कळते यावर माझा तरी विश्वास उरला नाही, आकड्याच्या बाजूला कोण कुठून कुठे गेला ते विचारावं लागतं.

गॅरेजचं काय केलं ते सांगतो. दुसरी शेड सोडली, प्लॉट परत दिला. हायड्रॉलिक प्रेस विकला. उरलेल्या सहा जणांपैकी तिघांना काढा असा सल्ला सगळ्यांनी दिला, पण बाबा म्हणाले की माणूस एकदा सोडला की हात परत मिळत नाही, पाटा बाजारात मिळतो. म्हणून सहाही ठेवले आणि सगळ्यांना अर्धा दिवस केला, पगारही अर्धा, माझाही. ते दिवस फार वाईट होते. पण अर्ध्या दिवसाने एक गोष्ट झाली जी मी ठरवली नव्हती. दोन पोरं म्हणाली की सकाळ मोकळीच आहे तर आयटीआयचा फॉर्म भरू का. दहावी पास होते दोघं. २०१३ च्या ऑगस्टात डिचोलीला अ‍ॅडमिशन झाली, सकाळी तिकडे आणि दुपारनंतर आमच्याकडे. स्टायपेंडसारखं काहीतरी महिन्याला देत होतो, त्याला पगार म्हणायला मला आजही जमत नाही.

पाळीच्या त्या मुलाला मात्र हे जमलं नाही कारण त्याची दहावीच नव्हती. सहांतही तो नव्हता, सगळ्यात शेवटी आलेला म्हणून पहिल्यांदा मी त्यालाच सोडला होता. पेट्रोल पंप, मग हॉटेलात भांडी, मग घर, मग लग्नाच्या मंडपाचं सामान, मग परत घर. साडेतीन वर्षं अशीच. २०१६ मध्ये मी त्याच्या घरी गेलो. आई काही बोलली नाही, चहा दिला. मी त्याला मुक्त विद्यालयाचा फॉर्म दिला, एनआयओएसचा. यात एकदा नाव घातलं की पाच वर्षं वेळ असतो, एकेक विषय सोडवता येतो, नऊ वेळा परीक्षेला बसायची संधी. शाळेत परत जायची लाज वाटणाऱ्यासाठी याच्याइतकी चांगली सोय नाही आणि आमच्या तालुक्यात तेव्हा ती कुणाला माहीतच नव्हती. फी गॅरेजने भरली. त्या शेल्फावरची पहिली पुस्तकं त्याची. इंग्रजीत एकदा अडकला पण २०१७ ला सुटला.

मधल्या काळात एक उलटी गोष्ट झाली ती लिहायलाच हवी. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये बंदी उठवली, वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून, आणि २०१५ च्या शेवटी शेवटी गाड्या परत फिरायला लागल्या. लगेच अभ्यास सोडून पोरं परत ट्रकवर. आमच्याकडचाही एक हेल्पर गेला, त्याला आम्ही नुकतीच आयटीआयला अ‍ॅडमिशन घेऊन दिली होती, दोन वर्षांच्या कोर्समधले चार महिने जेमतेम झाले होते. मी अडवायला गेलो तर म्हणाला दादा, हप्ता थकलाय, आता नाही कमावलं तर कधी. त्याला मी काय सांगणार? ज्याच्या घरात कर्ज आहे त्याला मंदीत शिकायची मोकळीक नसते. मुलगी सांगते की २००८ नंतर अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजात गर्दी वाढली होती, काम नाही तर शिकून घेऊ म्हणून. पण दोन वर्षं कोण पोसणार हा प्रश्न सुटला तरच शिकता येतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये कोर्टाने ८८ खाणींच्या लीझचं नूतनीकरण रद्द केलं आणि १६ मार्चपासून परत सगळं बंद. त्या पोराकडे तेव्हा ट्रकही राहिला नाही आणि सर्टिफिकेटही नाही.

आम्ही मात्र दुसऱ्या बंदीत तसे कोसळलो नाही. पहिल्या बंदीतच शाळांच्या बसचं काम धरलं होतं, बालरथ (सरकारी योजनेतल्या शाळेच्या बस) आणि खाजगी मिनीबस. ब्रेक, कमान, मे महिन्यात पासिंगच्या आधीचं सगळं. आमचं कॅलेंडरच बदललं, पूर्वी पावसाळ्यात धावपळ, आता मे महिन्यात. पाळीचा मुलगा डिझेल मेकॅनिकचं एक वर्ष पूर्ण करून २०१८ ला परत आला तो या बसच्या कामावरच. खनिजावर अवलंबून नाही असं काम मिळालं म्हणून मी निश्चिंत होतो.

आणि मार्च २०२० ला शाळाच बंद झाल्या. ते असं कधी होईल हे स्वप्नातही नव्हतं. जवळपास दोन वर्षं बस उभ्या. त्याच वेळी हॉटेलं बंद, टॅक्सी बंद, म्हणजे पूर्वी खाण बंद झाली की पोरं किनाऱ्यावर जायची तो रस्ताही गेला. सत्तरीत पोरं नेटवर्कसाठी डोंगरावर जाऊन ऑनलाइन वर्ग करत होती, त्यातली काही आमच्या दारात यायची, अभ्यासाला नाही, काम मागायला. आम्ही परत अर्धा दिवस केला, भाजीचे टेम्पो आणि पाण्याचे टँकर दुरुस्त करून दिवस काढले.

तेव्हाच गावातली एक मुलगी हिशोब लिहायला आली. २०२० ला बी.कॉम. झाली, इंटरव्ह्यू नाही, काही नाही, म्हणून एम.कॉम. ला नाव घातलं. ती स्पष्ट म्हणाली की मला पुढे शिकायचं नव्हतं, पण घरी बसली तर लग्नाचं बघतील आणि "काय करतेस" याला उत्तर तरी पाहिजे. शिक्षण म्हणजे नेहमी पुढे जाणंच असतं असं नाही, कधी कधी ती पाऊस थांबेपर्यंत उभं राहायची जागा असते. वाईट याचं वाटतं की ती २०१९ ला पास झाली असती तर पहिला पगार वेगळा असता. जपानमध्ये १९९० नंतरच्या मंदीत कॉलेजातून बाहेर पडलेली पिढी पुढची कित्येक वर्षं कच्च्या नोकऱ्यांत राहिली म्हणतात, त्याला तिकडे रोजगाराचं हिमयुग असं नाव आहे. आमच्याकडे नाव नाही, पण २०१२, २०१८, २०२० या सालांत बाहेर पडलेली पोरं मी चेहऱ्याने ओळखतो.

आज आम्ही नऊ जण आहोत. पाळीचा तो मुलगा बसच्या कामाचा मुख्य मेकॅनिक आहे, पोरं त्यालाच मेस्त म्हणतात. हिशोब लिहिणारी अजून आमच्याकडेच आहे, जीएसटी पण तीच बघते. आयटीआयचे दोन अ‍ॅप्रेंटिस आहेत, लहान गॅरेजला सक्ती नाही तरी घेता येतात आणि स्टायपेंडचा काही भाग सरकारकडून येतो, बाकीच्या गॅरेजवाल्यांनीही हे बघावं असं मी सगळ्यांना सांगत असतो. २०२४ मध्ये डिचोलीचा खाण ब्लॉक सुरू झाला आणि कमानीचं काम परत यायला लागलंय. मी घेतो, पण दुसरी शेड टाकली नाही.

आणि पोरंही परत यायला लागलीत. गेल्या महिन्यात एक आला, दहावीत दोन विषय राहिलेत, म्हणतो ट्रकवर चढतो नाहीतर तुमच्याकडे राहतो. मी त्याला आधी पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरून पावती आणायला सांगितलं. आणली. सकाळी दहापर्यंत वरच्या खणाखाली स्टूल टाकून बसतो, मेस्त त्याला गणित सांगतो, मग काम. ऑगस्टात त्याची आयटीआय सुरू झाली तर मे-जूनच्या बस संपवून सकाळच्या वेळी हेल्पर कोण हे अजून ठरायचं आहे, त्यासाठी कोणी दुपारनंतर शिकणारा मिळाला तर बघतोय.