रविवारची कोथिंबीर

जर्मनीला निघालेल्या माणसाला थंडीबद्दल सगळे सांगतात. थर्मल घे, मसाले दोन-दोन पिशव्यांत बांध, लोणच्याच्या बरणीला वरून चिकटपट्टी मार. रविवारबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. आणि पहिला दणका बसतो तो नेमका रविवारचा. घरातलं मीठ संपलेलं असतं आणि अख्ख्या स्टुटगार्टात मीठ विकणारं दुकान उघडं सापडत नाही.

बंद म्हणजे आपल्याकडचं बंद नव्हे. अर्धं शटर खाली ओढलेलं, आपण वाकून ‘काका, एकच पुडी द्या ना’ म्हणायचं आणि काकांनी कुरकुरत द्यायची, असली सोय नाही. सुपरमार्केट, कपड्यांची दुकानं, हार्डवेअर, भाजीवाला, सगळं बंद. बेकऱ्या सकाळी दोन-तीन तास उघडतात आणि ताज्या ब्रेत्सेलसाठी फुटपाथपर्यंत रांग लागते. नाहीतर स्टेशनातली दुकानं, नाहीतर पेट्रोल पंप. पंपावर दूध मिळतं, पण त्याचा भाव ऐकून काळ्या चहाची गोडी कळायला लागते.

मी डोंबिवलीची. आमच्याकडे रविवार म्हणजे आठवडाभर तुंबलेल्या कामांचा निचरा. सकाळी मासळी, मग गिरणी, मग रद्दीवाला, दुपारी डोळा लागतो न लागतो तोच वरच्या मजल्यावर कुणाचं तरी ड्रिल, आणि संध्याकाळी फडके रोड. इथे यातलं काहीही रविवारी करता येत नाही. भिंतीला भोक पाडायचं नाही. वस्तीत गवत कापायचं यंत्र चालवायचं नाही, आणि तेवढ्यासाठी देशभर लागू असलेला नियम आहे. मिक्सरचं नाव कुठल्या नियमात सापडलं नाही, पण खालच्या मजल्यावरच्या आजींच्या चेहऱ्यावर सापडलं. (आजी हे आमचं आपापसातलं. समोर अर्थातच फ्राऊ आणि आडनाव.) तेव्हापासून इडलीचं पीठ शनिवारी दुपारी वाटलं जातं. त्यामुळे इडली बिघडली असं काही झालेलं नाही.

सगळ्यात मजा काचेच्या बाटल्यांची. कोपऱ्यावर मोठाले डबे असतात, पांढऱ्या काचेचा वेगळा, तपकिरी वेगळा, हिरवा वेगळा. निळी बाटली हिरव्यात टाकायची, हे ज्ञान इथे बहुधा बाळकडूतून मिळतं. डब्यावर वेळा छापलेल्या असतात आणि रविवारी बाटली टाकायची नाही, कारण ती आत पडली की खळ्ळकन फुटते. त्यामुळे शनिवारी संध्याकाळी माणसं पिशव्या घेऊन येतात आणि रंग बघून एकेक बाटली भोकातून सोडतात. वाइनच्या बाटल्या, काकडीच्या लोणच्याच्या बरण्या, टोमॅटो प्युरी. खळ्ळ, खळ्ळ, खळ्ळ. शेजाऱ्याच्या घरी आठवड्यात काय रिचवलं गेलं याचा जाहीर हिशोब. आपली तुपाची बरणी त्या घोळक्यात जरा सोज्ज्वळ दिसते.

स्टुटगार्टकडच्या लोकांची आणखी एक खासियत म्हणजे केअरवोखे, जिना झाडायची पाळी. पाळी आली की दारावर पाटी लटकते आणि त्या आठवड्यात जिना तुमचा. तोही शनिवारच्या आत लख्ख हवा. एकूण शनिवार हा इथे कामाचा डोंगर आहे. संध्याकाळी सुपरमार्केटमध्ये तर वादळापूर्वीची खरेदी चालावी तशी झुंबड असते. गल्ल्यावरची बाई सामान असं सरकवते की दही पिशवीत ठेवेपर्यंत कांदे येऊन आदळतात. मागचा माणूस बोलत काही नाही, नुसता श्वास सोडतो.

बरेच दिवस माझी समजूत होती की हा चर्चचा पगडा. तोही आहेच. पण हा रविवार थेट राज्यघटनेत बसलेला आहे. १९१९च्या वायमार घटनेत, म्हणजे जर्मनीच्या तेव्हाच्या राज्यघटनेत, रविवार हा कामापासून विश्रांतीचा दिवस म्हणून कायद्याने राखला, आणि १९४९च्या घटनेने ते कलम जसंच्या तसं उचललं. पुढे बर्लिनने नाताळच्या आधीचे चारही रविवार दुकानांना मोकळे केले, तेव्हा २००९ साली घटना न्यायालयाने ती सवलत रद्द ठरवली. खटला चर्चनी भरला होता. पण रविवार राखा म्हणणाऱ्यांत इथल्या कामगार संघटनाही असतात. देवाचे लोक आणि लाल झेंड्याचे लोक एका बाजूला, असं दृश्य एरवी कुठे बघायला मिळायचं?

त्यानंतर ती कांदे फेकणारी बाई मला वेगळी दिसायला लागली. मला रविवारी कोथिंबीर हवी असेल तर तिला रविवारी गल्ल्यावर बसावं लागेल, इतका साधा मामला आहे.

आणि आपण तरी रविवार कुठून आणला? मुंबईच्या गिरण्यांत कामगार उजाडल्यापासून मावळेपर्यंत राबत आणि आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे त्यासाठी वर्षानुवर्षं झगडले, कामगारांच्या सभा भरवल्या, ‘दीनबंधू’ या वृत्तपत्रातून लिहिलं, आणि १० जून १८९० पासून गिरणी कामगारांना रविवार मिळाला. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत. त्याचे कार्यक्रम कसले कसले होतात. त्यात कुणी लोखंड्यांवर बोललं तर मी पहिल्या रांगेत बसेन.

पण इथल्या रविवारची आरती ओवाळणाऱ्यांपैकी मी नाही. दुकानं बंद असतात तेव्हा ट्राम कुणीतरी चालवतच असतं, हॉस्पिटलात नर्सा असतातच, आणि ‘काय निवांत आहे हो’ म्हणत आपण ज्या हॉटेलात जेवतो तिथल्या भटारखान्यात पंजाबातला एखादा पोरगा रोट्या भाजतच असतो. शिवाय एकट्या माणसाला हा रविवार खायला उठतो. नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांचे सगळ्यात रडवेले फोन रविवारी दुपारी येतात, हा माझा अनुभव. त्यांना मी जेवायला बोलावते आणि येताना काही आणू नका म्हणते. आणणार तरी कुठून?

सणवारांनी तर कहर होतो. २०२३ साली २४ डिसेंबर रविवारी आला, पुढचे दोन दिवस नाताळची सुट्टी, म्हणजे सलग तीन दिवस सगळं ठप्प. शुक्रवारी आणि शनिवारी आम्ही अशी खरेदी केली की फ्रिजचं दार गुडघ्याने लावावं लागलं. आणि २०२६चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, म्हणजे बरोब्बर रविवारी. फटाक्यांचा प्रश्न नाही, ते इथे फक्त वर्षअखेरीला उडवता येतात. पण झेंडू, नारळ, कोथिंबीर शनिवारी रात्रीच्या आत घरात हवं. चकल्यांची भाजणी इंडियन स्टोअरमध्ये सांगून ठेवायची. आणि काहीतरी राहणारच, तेव्हा खालच्या आजींकडून मागून आणायचं काम नवऱ्याचं. त्याचं जर्मन बरं आहे, आणि त्याला मिक्सरबद्दल अजून कुणी काही बोललेलं नाही.