पंचगंगेत मैलापाणी मिसळले, हे काठच्या गावांना कोण कळवणार?

पावसाळ्यात कोल्हापूरची पंचगंगा नदी वाढू लागली की आमच्या भागातल्या प्रत्येकाच्या तोंडी राजाराम बंधाऱ्याची पातळी असते. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे शाळेतले मूलही सांगते. फूट आणि इंचांतले हे आकडे दिवसातून अनेकदा मोबाइलवर येतात, आणि २०१९ व २०२१ च्या महापुरांत त्यांच्याच भरवशावर लोकांनी जनावरे हलवली, धान्याची पोती माळ्यावर चढवली. म्हणजे नदीची खबर काठच्या गावांपर्यंत तासाभरात पोहोचवण्याची व्यवस्था आपल्याकडे आहे आणि ती चालते. मात्र त्याच नदीत शहराचे मैलामिश्रित सांडपाणी प्रक्रियेविना मिसळू लागते, तेव्हा खालच्या गावांना त्याची सूचना मिळत नाही. समजलेच तर ते दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून, किंवा बंधाऱ्यापाशी मासे तोंड वर काढून तडफडू लागल्यावर.

हे मिसळणे घडते कसे, ते नीट समजून घ्यायला हवे. कोल्हापूर शहराचे बरेचसे सांडपाणी जयंती नाल्यातून नदीकडे येते. नदीत जाण्याआधी ते बंधारा घालून अडवायचे, पंपांनी उपसायचे आणि कसबा बावड्याच्या प्रक्रिया केंद्राकडे पाठवायचे, अशी योजना आहे. योजना चांगली आहे, पण तिचा सगळा भार पंपांवर आहे. वीज गेली, जाळीत प्लास्टिक अडकले, पंप नादुरुस्त झाला किंवा एखादी जोरदार सर आली, की अडवलेले पाणी बंधाऱ्यावरून सांडते आणि थेट पंचगंगेत उतरते. मोठ्या पुरात तर उपसा केंद्रालाच पाण्याचा वेढा पडतो. येथे एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची तपासणी कितीही काटेकोर केली, तरी जे पाणी केंद्रापर्यंत पोहोचलेच नाही, त्याची नोंद त्या तपासणीत येत नाही. ती नोंद फक्त उपसा केंद्रावर होऊ शकते : पंप किती वाजता बंद पडला, किती वाजता सुरू झाला, नाला किती वेळ सांडत होता.

खाली नदीकाठाला काय चालते, ते शहरात बसून दिसत नाही. रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ असे एकापाठोपाठ बंधारे आहेत. उन्हाळ्यात त्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातलेले असतात, त्यामुळे पाणी वाहत नाही, साचून राहते, आणि वरून आलेली घाणही त्याच पाण्यात साचते. इचलकरंजीच्या काळ्या ओढ्याचे पाणी त्यात आणखी भर घालते. पुढे बरगे काढले किंवा वळवाचा पाऊस झाला, की हा साठा एकदम खाली सरकतो. त्या वेळी कोणी घाटावर कपडे धूत असते, कोणी म्हशी पाण्यात घातलेल्या असतात, आणि कृष्णा-पंचगंगा संगमाच्या पवित्र स्नानासाठी नृसिंहवाडीला आलेले भाविक पाण्यात उभे असतात.

सर्वांत महत्त्वाचा माणूस मात्र गावाच्या जॅकवेलवर, म्हणजे नदीकाठच्या उपसा विहिरीवर, असतो. नदीचे पाणी उपसून टाकी भरणारा, टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचे द्रावण सोडणारा आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन उरले आहे का, हे ओटी तपासणीत पिवळा रंग पाहून ठरवणारा हा ग्रामपंचायतीचा कर्मचारी आहे. पाण्यात सेंद्रिय घाण वाढली की क्लोरीन तिच्यातच खर्ची पडते, आणि रोजच्या मात्रेने पाणी निर्जंतुक होत नाही. त्याला वेळेवर एक संदेश मिळाला, तर तो उपसा थांबवू शकतो, टाकीतले जुने पाणी पुरवून वापरायला सांगू शकतो, मात्रा वाढवून पुन्हा तपासणी करू शकतो. संदेश नसेल, तर तो रोजच्याप्रमाणे पंपाचे बटण दाबतो, आणि त्यात त्याचा काहीही दोष नसतो. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली आणि माणसे दगावली. दूषित पाणी नळापर्यंत पोहोचते तेव्हा काय होते, हे या पंचक्रोशीला वेगळे सांगण्याची गरज नाही.

आपल्याकडे कायदा नाही, असेही नाही. १९७४ च्या जलप्रदूषण प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३१ नुसार, अपघाताने किंवा अनपेक्षित घटनेने प्रदूषित पाणी नदीनाल्यात गेले, तर जबाबदार व्यक्तीने राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि ठरवून दिलेल्या इतर यंत्रणांना तातडीने कळवले पाहिजे. म्हणजे खबर एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जाते. पाणी पिणाऱ्याला ती कळवावी, असे त्या कलमात म्हटलेले नाही. माहिती अधिकारात अर्ज करता येतो, पण त्याच्या उत्तराची सर्वसाधारण मुदत ३० दिवसांची आहे, आणि मैलापाण्याची बातमी ३० दिवसांनी हातात पडून कोणाचेही पोट वाचत नाही. माहिती अधिकार कायद्याच्याच कलम ४ मध्ये मात्र कोणी मागण्याची वाट न पाहता माहिती लोकांसमोर ठेवण्याचे बंधन घातले आहे. नदीत मैलापाणी मिसळताच काठच्या गावांना कळवावे, या आपल्या मागणीचा खरा आधार माझ्या मते तेथे आहे.

इतरत्र हे कसे केले जाते, तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०२१ साली कायदा झाला. त्यानुसार सांडपाणी नदीत गेल्याचे लक्षात आल्यापासून २ तासांत लोकांना सूचना द्यावी लागते, आणि विसर्ग थांबल्यानंतरही ४८ तास त्या पाण्याशी संपर्क टाळण्याचा सल्ला त्या सूचनेत असतो. इंग्लंडमध्ये १ जानेवारी २०२५ पासून सांडपाणी हाताळणाऱ्या कंपन्यांना विसर्ग सुरू झाल्यापासून तासाभरात तो जाहीर करावा लागतो. तेथे आधी विसर्गाच्या तोंडांवर मोजणीयंत्रे बसवली गेली. २०२३ या एका वर्षात ४ लाख ६४ हजारांहून अधिक वेळा सांडपाणी बाहेर सोडले गेल्याचे त्यातून उघड झाले आणि सारा देश खवळला. नद्या त्यामुळे लगेच स्वच्छ झाल्या नाहीत, पण पाण्यात उतरणाऱ्याला आधी पाहून ठरवता येऊ लागले.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. लोक घाबरतील, हा पहिला. तो मला मान्य नाही, कारण पुराचे आकडे ऐकून आम्ही घाबरून बसत नाही, कामाला लागतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पावसाळ्यात नाला वरचेवर सांडतो. रोज तोच संदेश आला, तर लोक तो वाचणे सोडून देतील. म्हणून पावसाळ्यासाठी एक कायमची सूचना असावी आणि प्रसंगाप्रसंगाचा इशारा मुख्यतः कोरड्या महिन्यांसाठी राखावा. मार्च ते मे या काळात नदीत पाणी थोडे असते, घाण पातळ होत नाही, आणि तेव्हाचे काही तासांचे सांडणे पावसाळ्यातल्या दिवसभराच्या सांडण्यापेक्षा अधिक घातक ठरू शकते. शिवाय जो अधिकारी स्वतःहून कळवेल, त्याच्यावर केवळ कळवल्याबद्दल कारवाईची टांगती तलवार असू नये. दंड व्हायचा तर लपवल्याबद्दल व्हावा, नाहीतर नोंदवह्या कोऱ्याच राहतील.

नदीकाठच्या ग्रामपंचायतींनी येत्या ग्रामसभेत याचा ठराव करून तो जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा, अशी माझी विनंती आहे. ठरावात संदेशाचा मजकूरच ठरवून द्यावा : कोणता नाला, किती वाजल्यापासून सांडतो आहे, कारण काय, पुढचा बंधारा कोणता, तेथे बरगे आहेत की काढले आहेत, आणि थांबल्याचा दुसरा संदेश केव्हा येईल. पुराचे संदेश ज्या यादीवर जातात, त्याच यादीवर हाही जावा, आणि त्या यादीत सरपंच व ग्रामसेवकांच्या बरोबरीने प्रत्येक गावच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याचा मोबाइल क्रमांक असावा.