लेहजवळच्या बर्फाच्या भिंतीवर: हातमोज्यांचा हिशेब

पहिल्या दिवशी भिंतीवरून खाली उतरले तेव्हा बोटांना काहीच कळत नव्हतं. दोराची गाठ सोडवायला गेले, तर दोर हातात आहे की नाही तेही बघूनच ठरवावं लागत होतं. मिनिटभरात बोटांत रक्त परत यायला लागलं आणि अशा कळा सुरू झाल्या की दोन्ही हात काखेत घेऊन मी बर्फात गुडघ्यांवर बसले. डोळ्यांतून पाणी, पोटात मळमळ. आमचे लडाखी प्रशिक्षक शेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "दीदी, दो मिनट, हो जाएगा." ती दोन मिनिटं फार मोठी होती.

हे लिहायचं कारण तेच. पुण्या-मुंबईहून हिवाळ्यात लडाख, स्पितीला बर्फ चढायला जाणारी मंडळी वाढली आहेत. बूट, क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे लोखंडी दाते), आइस अ‍ॅक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) भाड्याने मिळतात, पण हातमोजे आपले आपल्यालाच न्यावे लागतात आणि नेमकी तिथेच चूक होते.

आम्ही पाच जण जानेवारीत गेलो. त्या दिवसांत रस्त्याचा भरवसा नसतो, त्यामुळे विमानानेच लेह गाठलं. उंची ३,५०० मीटर. पहिले तीन दिवस काही करायचं नाही हे ठरवलंच होतं आणि ते काटेकोरपणे पाळलं. मग खारदुंग ला खिंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या गांगलेस गावाजवळ सराव सुरू झाला. रात्री पारा उणे १५च्या खाली, नळ गोठलेले, बादलीत पाणी आणून देतात. याची तयारी मनात ठेवून जा.

मी पुण्यातून स्कीइंगचे जाड हातमोजे नेले होते. लेबलवर 'उणे ३०' छापलं होतं, दुकानदाराने तेच दाखवून खात्री दिली. पण तो आकडा चढणाऱ्याच्या हाताचा नसतोच. बर्फ चढताना हात सतत डोक्याच्या वर आणि मूठ आवळलेली. थंडीने आकसलेल्या रक्तवाहिन्यांमधून वर रक्त चढत नाही आणि जे असतं ते आवळलेली मूठ पिळून काढते. त्यात मोजा जाड असला की अ‍ॅक्सचा दांडा हातात नीट बसत नाही, म्हणून आपण आणखी जोरात आवळतो. १५ मीटरवर माझे दोन्ही हात कोपरापर्यंत भरून आले. अस्तर जाड असूनही बोटं बधिर झाली. खरं तर जाड होतं म्हणूनच झाली.

चढणारा हात वेगळा आणि खाली थांबणारा हात वेगळा, हे दुसऱ्या दिवशी कळलं. दोघांचे मोजे एकच असू शकत नाहीत.

चढताना पातळ मोजे हवेत. तळव्याला बकरीचं चामडं, आत फ्लीसचा बारीक थर, बस. आमच्यातल्या एकाकडे शोवा कंपनीचे टेमरेस होते, म्हणजे रबरी दिसणारे जपानी कामाचे मोजे. पाणी आत येत नाही, पकड उत्तम, आणि गिर्यारोहणाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या मोज्यांपेक्षा बरेच स्वस्त. चढताना शरीर गरम असतं, त्यामुळे एवढं पुरतं.

खाली उभं राहून बिले करताना, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळताना, मात्र अर्धा अर्धा तास हलता येत नाही. तेव्हा जाड मोजे, पण पाच बोटांचे आणि तळव्याला चामडं असलेले. गुळगुळीत कापडाच्या मिटनमधून, म्हणजे अंगठा सोडून बाकी बोटं एकाच पिशवीत असलेल्या मोज्यातून, दोर सटकतो. साथीदाराचा जीव त्या दोरावर आहे, तिथे तडजोड नको. मिटन नुसतं थांबायच्या वेळेसाठी, दोर हातात नसताना. त्यात चारही बोटं एकत्र असल्याने ऊब सर्वांत जास्त.

याखेरीज पातळ लोकरीची एक जोडी, भिंतीपर्यंत चालत जाताना घालायला. चढणीवर जाड मोजे घातले तर हात घामेजतात आणि ओला मोजा पुढे दिवसभर छळतो. लडाखची हवा कोरडी आहे म्हणून मोजे ओले होणार नाहीत, असं मला वाटलं होतं. पण घाम असतोच आणि दुपारी ऊन पडलं की भिंतीवरून पाणी ठिबकतं. म्हणून चढायच्या पातळ मोज्यांच्या दोन जोड्या न्या. एक हातात, दुसरी जॅकेटच्या आत छातीशी. दर चढाईनंतर अदलाबदल.

विकत घेताना नुसतं घालून बघू नका. घरून लाटणं घेऊन जा, ते मुठीत धरा. बोटं वाकवल्यावर टोकं दाबली गेली तर एक माप मोठं घ्या, कारण दाबलेल्या बोटात रक्त फिरत नाही. मग कॅरॅबिनर (दोर अडकवायची कडी) उघडून बघा, एक 'फिगर ऑफ एट' म्हणजे आठच्या आकाराची गाठ बांधून बघा. जमलं नाही तर तो मोजा खाली ठेवा, कितीही महाग असला तरी. मोज्याचं मनगट लांब असेल तर चढताना ते जॅकेटच्या बाहीवर ओढायचं. हात वर असतात, मोजा बाहीच्या आत असला तर ओघळणारं पाणी थेट कोपरापर्यंत जातं.

संध्याकाळी खोलीत बुखारी, म्हणजे तिकडची शेगडी, पेटली की सगळे मोजे तिच्या अंगावर टाकायचा मोह होतो. आमच्यातल्या एकाच्या मोज्याचं चामडं सकाळी पापडासारखं कडक झालं होतं, बोट वाकवताच चिरलं. लांब दोरीवर टांगा, थोडा ओलावा राहिला तर रात्री स्लीपिंग बॅगमध्ये पोटाशी घ्या. निघण्यापूर्वी चामड्याला मेण चोळून न्या.

हात दुखताहेत तोवर ते जिवंत आहेत. दुखायचं थांबलं आणि बोट पांढरं, मेणासारखं दिसायला लागलं, तर लगेच खाली या आणि सांगा. बर्फाने चोळायचं नाही, शेगडीवर धरायचं नाही. बधिर बोटाला भाजलेलं कळत नाही. काखेत धरा आणि डॉक्टरकडे जा.

अंगठ्या घरीच काढून ठेवा. माझ्या मैत्रिणीच्या बोटात चांदीची अंगठी होती. पहिल्या दिवशी बोट सुजलं, अंगठी निघेना. शेवटी साबण लावून, दोरा गुंडाळून रात्री काढली. दुसऱ्या दिवशी पातळ मोज्यांत ती आमच्यात सर्वांत वर पोचली आणि खाली येऊन पहिल्यांदा तिने मोजे काढून दहाही बोटं हलवून दाखवली.